विचारल्याशिवाय सांगायचं नाही

"बगमारेजी, थांबा जरा. अजून कुणी मेलेलं नाही इथं," गायकवाड मॅडम म्हणाल्या.

मी कॉटवरून अर्धा खाली लोंबकळत होतो. एक हात छातीवर, दुसरा छताकडे, केस विस्कटलेले आणि डोळ्यांत पाणी. पाणी खरं होतं. तीसहून जास्त वर्षं विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं केलेला माणूस आहे मी. मागितलं की डोळ्यांत पाणी येतं. मला वाटलं होतं, बाईंच्याही येईल. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"फार झालं का, मॅडम?"

"समोर तिकीट काढून कुणी बसलेलं नाही ना. असे ओरडून, रडून सांगणारे पेशंट असते तर मला तुम्हाला बोलवावंच लागलं नसतं. त्यांच्याकडे कुणीही धावत जातं. मला न रडणारा हवाय."

न रडणाऱ्याचं काम आजवर मला कुठल्या दिग्दर्शकानं सांगितलं नव्हतं. मी कॉटवर नीट बसलो आणि केसांवरून हात फिरवला. मनातून थोडा रागच आला होता. आमच्याकडे होळीपर्यंत गावोगाव प्रयोग करायचे, आणि पुढे दिवाळीपर्यंत धान लावायचं, निंदायचं, वाट पाहायची. अशा रिकाम्या दिवसांत हे काम आलं होतं म्हणून मी आलो होतो, नाहीतर असलं पुचाट काम घेणाऱ्यातला मी नव्हे.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. आमच्या तालुक्याच्या गावी नर्सिंगचं कॉलेज आहे. तिथल्या मुली इंजेक्शन द्यायला, नळी घालायला एका रबरी पुतळ्यावर शिकत. पण पुतळा बोलत नाही. गायकवाड मॅडम नगरकडच्या, मनोरुग्णांच्या वॉर्डात बारा वर्षं काढून शिकवायला आलेल्या. ज्याच्या मनात जीव द्यायचं घोळतंय अशा माणसाजवळ कसं बसायचं, त्याच्याशी काय बोलायचं, हे त्यांना मुलींना शिकवायचं होतं. वहीतून नाही, समोरासमोर. त्यासाठी पेशंटचं सोंग घेणारा एक जिवंत माणूस हवा होता. एका मुलीनं माझं नाव सुचवलं.

मॅडमनी मला एक कागद दिला होता. पेशंटचं नाव किसन. वय अठ्ठेचाळीस. पोट दुखतं म्हणून भरती. जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी बोलत नाही. मनात मरणाचा विचार आहे. खाली लाल पेनानं दोन ओळी: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

"एवढंच काम?" मी विचारलं होतं.

"एवढंच. करून बघा, जमतं का."

पहिल्या दिवशी दुपारी मुली आत आल्या आणि भिंतीलगतच्या बाकांवर बसल्या. आठ जणी. शेवटच्या बाकावर कडेला बसलेली मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काका, ओळखलं का?"

मी ओळखलं. ती दिव्यानी होती, दौलत शेंडेची पोरगी. माझं नाव तिनंच सुचवलं होतं. हे आधी कळलं असतं तर मी त्या गेटच्या आत पाय टाकला नसता.

दौलत माझा जोडीदार. एकोणीस वर्षं आमची विनोदी जोडी होती. तारू-दौलत असं पोस्टरवर छापून यायचं, आणि लोक आधी तेच वाचायचे. मी, तारू, बेरकी; तो बावळट. मी सांगायचो, तो चुकायचा, मंडप डोक्यावर. दिव्यानी अकरा वर्षांची असताना, होळीनंतर पंधरा दिवसांनी, दौलतनं स्वतःच जीव दिला. पोरगी तेव्हा मामाकडे गेली होती. मी आणि त्याच्या बायकोनं, शशिवहिनीनं, मिळून सगळ्यांना अटॅक सांगितला. लोकांनी तोंडावर मानलं आणि पाठीमागे जे बोलायचं ते बोलले. पोरीला मात्र अटॅकच ठाऊक आहे, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. तिला कळू द्यायचं नाही, हे एक काम मी नऊ वर्षं मन लावून केलं. वहिनीकडे वर्षातून एकदा दिवाळीत जायचो, फराळाचा डबा ओट्यावर ठेवायचो आणि उभ्या उभ्या परतायचो. बसलं तर विषय निघेल अशी भीती वाटायची.

आणि आता ती पोरगी नर्सचा पांढरा कोट घालून समोर बसली होती, आणि मी मरणाचं मनात असलेल्या माणसाचं सोंग घेऊन कॉटवर होतो. तिचा नंबर दुसऱ्या दिवशी शेवटचा होता, एवढाच काय तो दिलासा.

पहिली मुलगी आली. मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो. तिनं सलाइनची बाटली बघितली, नाडी बघितली, चादर सारखी केली. म्हणाली, "काका, जेवत का नाही?" मी म्हटलं, "इच्छा नाही." ती म्हणाली, "असं करू नये, घरी पोरंबाळं असतील, त्यांचा विचार करा." दुसरीनं देवाचं नाव घ्यायला सांगितलं. तिसरीला मी म्हटलं, "आता काय राहिलंय, सिस्टर," तर ती दचकून म्हणाली, "असं अभद्र बोलू नका हो," आणि ताप मोजायला लागली. ताप नव्हताच.

मॅडम प्रत्येकीला मध्येच थांबवायच्या. चिडायच्या नाहीत. "सगळं बघितलंस, एक सोडून. सरळ विचार. मरावंसं वाटतं का, असं विचार."

"पण मॅडम, विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं शिरलं तर?"

"विचारल्यानं शिरत नाही. असेल तर ते आधीच आत बसलेलं असतं. विचारलं की त्याला ते एकट्यानं धरून बसावं लागत नाही, इतकंच."

चौथी आली आणि कॉटजवळ उभी राहिली ती उभीच. तोंडातून शब्द फुटेना. हात कोटाच्या खिशात, नजर जमिनीवर. आता नाटकवाल्याचं काय असतं, समोरचा अडला की आमच्या अंगाला मुंग्या येतात. रंगमंचावर चार क्षण शांतता पडली की चार हजार लोक खोकायला लागतात. त्यामुळे जोडीदाराच्या तोंडात वाक्य नाही असं दिसलं की आपण काहीतरी टाकायचं, त्याला त्यातून वाट मिळते. मी विचारही केला नाही. उसासा सोडला आणि म्हणालो, "सिस्टर, कधी कधी वाटतं, सकाळी डोळाच उघडू नये."

पोरीचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्या मनात मरणाचे विचार येतात का?"

"येतात, सिस्टर."

मग तिचं गाडं सुरळीत सुरू झालं. कधीपासून, घरी कोण आहे, मी तुमच्याजवळ थांबते, मोठ्या सिस्टरना बोलावते, सगळं रांगेत आलं. पाचवी अडली, तिलाही मी असंच पुढं ढकललं. सहावीला, सातवीलाही. संध्याकाळी पोरी खूश होऊन गेल्या. जाताना एकीनं तर पाया पडून सांगितलं, "काका, तुम्ही होता म्हणून जमलं."

मी खुशीत पाणी पीत होतो. मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आज चार मुलींना तुम्ही पास केलंत."

"चांगल्या आहेत पोरी. थोडा हात दिला."

"कागदावर काय लिहिलंय?"

लाल पेनाच्या ओळी पाठ होत्या मला.

"बगमारेजी, वॉर्डातला पेशंट असा हात देत नाही. तो गप्प बसतो. ती शांतता या पोरींना झेपली पाहिजे, त्यातून त्यांना स्वतः विचारता आलं पाहिजे. तुम्ही शांतताच ठेवली नाहीत. पुढच्या आठवड्यात या नागपूरला खऱ्या वॉर्डात जाणार. तिथं कोण उसासे सोडणार आहे?"

"आमच्यात जोडीदार अडला की सावरून घ्यायचं असतं, मॅडम. ज्याला ते येत नाही त्याला कुणी जोडीला घेत नाही. मला सावरणारा म्हणूनच ओळखतात."

"आणि ज्याला सावरून घेतलं तो अडला कशानं, हे कोण बघतं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. साधी माहिती विचारावी तसं विचारलं. मी ग्लास खाली ठेवला, पिशवी उचलली आणि म्हणालो की उद्यापासून मी येणार नाही, धानाची कामं आहेत.

"धान आजही होतंच की."

मग मला सांगावं लागलं. पूर्ण नाही. एवढंच की उद्या जिचा नंबर आहे ती माझ्या मित्राची मुलगी, मित्र तसाच गेला, पोरीला अटॅक माहीत आहे, आणि मला तिच्यासमोर हे सोंग काढायचं नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तुमचं सांगणं मी तिला सांगणार नाही. पण या विषयाला प्रत्येकीच्या घरात काहीतरी असू शकतं, म्हणून हे जड जाईल असं वाटलं तर सोडता येईल, असं मी सगळ्यांना विचारतेच. तिलाही पुन्हा विचारीन. ती नको म्हणाली तर तिला दुसऱ्या पद्धतीनं शिकवीन. हो म्हणाली तर तुम्ही यायचं. आणि सोंग थांबवावंसं वाटलं तर हात वर करायचा, मी लगेच थांबवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. दिव्यानी हो म्हणाली होती.

मी गेलो. बाकीच्या मुलींना मॅडमनी त्या वेळी बाहेर पाठवलं होतं. खोलीत कॉट, सलाइनचा स्टँड, कोपऱ्यात वही घेऊन मॅडम आणि मी. दार ढकलून दिव्यानी आत आली. आदल्या दिवशीच्या सगळ्या जणी उभ्या राहून बोलल्या होत्या. तिनं स्टूल ओढलं आणि माझ्या चेहऱ्याच्या उंचीला येईल असं बसली. बसायची ढब दौलतची. गुडघ्यावर कोपर आणि मान किंचित डावीकडे. मी भिंतीकडे बघायला लागलो.

"किसनराव, मी दिव्यानी. आज दुपारपर्यंत तुमच्याकडे मीच आहे."

"बरं."

"काल रात्री झोप लागली नाही, असं लिहिलंय."

"नाही लागली."

"सकाळचं ताटही परत गेलं."

"हो."

आणि ती थांबली. मला कळलं की आता ती अडली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. माझ्या जिभेच्या टोकाशी वाक्य येऊन उभं राहिलं. एक उसासा, अर्धं वाक्य, एवढं टाकलं असतं तर पोरगी सुटली असती. मी कॉटची लोखंडी कड धरली. आयुष्यात इतकी मोठी शांतता मी कुणाबरोबर काढलेली नव्हती. हात वर करावा असं दोनदा वाटलं. केला नाही, कारण पोरीची नजर हलली नव्हती. ती पळत नव्हती. तिची तीच कुठून तरी वर येत होती.

"किसनराव," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "माणूस फार थकला की त्याला कधी कधी जगणं नको वाटतं. तुमच्या मनात येतं का तसं? मरून जावं, असं?"

विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

"येतं," मी म्हणालो.

"कधीपासून?"

कागदावर दोन महिने असं होतं. दिवस पोळ्याच्या आधीचे, म्हणजे आषाढापासून म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून आलं, "दिवाळीपासून."

मी बोललो आणि मलाच ऐकू आलं. दिवाळीपासून. त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच प्रयोगात दौलत अडला होता. एकोणीस वर्षांत न अडलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, डोळे काचेसारखे. मी लगेच त्याच्या टाळूवर टिचकी मारून म्हणालो, "पाहा, याच्या डोक्यातली लाइन गेली." मंडप हसून फुटला. दुसऱ्या प्रयोगात पुन्हा तेच. पुढे पुढे तो दुसऱ्या अंकात जवळजवळ बोलायचाच नाही. त्याची वाक्यंही मीच म्हणायचो, त्याच्या वतीनं, त्याच्या आवाजात, आणि लोकांना वाटलं की हा आमचा नवा आयटम आहे. नाटक कंपनीच्या मालकानं मला शाबासकी दिली. मी त्या शाबासकीवर फुगलो. प्रयोग संपल्यावर गाडीत तो खिडकीशी बसायचा, मी दुसरीकडे पत्ते खेळायचो. नव्वद-पंच्याण्णव प्रयोग झाले त्या हंगामात. मी त्याला इतकं सफाईनं सावरलं की तो बुडतोय हे कुणाला दिसलंच नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, वहिनीलासुद्धा.

दिव्यानीनं माझं उत्तर ऐकलं. घाईनं पुढचा प्रश्न टाकला नाही.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "इतके दिवस. हे तुम्हाला आधी कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"तुमच्याबरोबर कामाला कोण असतं? त्यांच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं."

"मग?"

"विचारलं नाही त्यानं."

पंखा फिरत होता. मॅडमनी वही मिटल्याचा आवाज आला. दिव्यानीचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत आणि माझ्यावरून काढलेही नाहीत.

"त्याला सावरून घेता येत होतं," मी म्हणालो. "म्हणून विचारायची वेळच आली नाही. मीच होतो तो. मी नाही विचारलं."

"आपण थांबू," मॅडम उठल्या.

"दोन मिनिटं, मॅडम. राहिलंय माझं." आणि ती स्टूल पुढं ओढून माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते चांगलं झालं. मी इथंच बसते. मोठ्या सिस्टरना इथूनच हाक मारते, तुम्हाला एकट्याला ठेवून जात नाही. घरचं कोण आहे ज्याला आत्ता बोलावू?"

ते ती किसनला म्हणाली, मला म्हणाली, की आणखी कुणाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी ढसाढसा रडलो. आदल्या दिवशीसारखं मागून आणलेलं पाणी नव्हतं ते.

मॅडमनी दार लावून घेतलं आणि तिघांसाठी चहा मागवला. चहा आला. मग दिव्यानीच म्हणाली, "काका, बाबाचं मले माहीत हाय. नववीत होती तेव्हापासून. शाळेतल्या एका पोरीनं भांडणात सांगतलं."

"घरी नाही बोललीस?"

"आईले वाटते का मले माहीत नाई. तिनं एवढं जपलं, मंग मी कायले बोलू? तुमचं नाव मीच दिलं मॅडमले. हा प्रश्न मले विचारता येते का नाई, ते पाह्यचं होतं. तुमच्या तोंडावर विचारता आला तर कोणालेही विचारता येईल, असं वाटलं." मग कपाकडे बघत म्हणाली, "दिवाळीपासूनचं मात्र नव्हतं माहीत."

मॅडम तिला म्हणाल्या की हे असं काही मनात घेऊन येणार असशील तर मला आधी सांगायला हवं होतं, आणि ते त्यांनी अगदी कडक आवाजात सांगितलं. पुढचे दोन दिवस त्या रोज तिच्याशी तासभर बोलत बसल्या, नागपूरला पाठवायचं की नाही ते मग ठरवलं. पाठवलं. पण त्या दुपारी तिला बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही, बगमारेजी? तुमच्या मनात येतं का?"

इतक्या सरळ मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी खरंच शोधून बघितलं आत. "नाही, मॅडम. पण झोप नाही. नऊ वर्षं झाली."

"तेही सांगायचं असतं," त्या म्हणाल्या, आणि एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. मी गेलो त्याच्याकडे. पण ती वेगळी हकीकत आहे.

रविवारी दिव्यानी मला घेऊन घरी गेली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "आईसमोर एकटीनं नाई होत माझ्यानं. तुमीबी चला." शशिवहिनी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दिवाळी नसताना मला दारात बघून त्यांनी पदर सारखा केला. "काऊन भाऊजी, काय झालं?"

मी बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या ओसरीवर बसलो. दिव्यानी आईच्या जवळ गेली आणि एका दमात म्हणाली, "आई, बाबा कसे गेले ते मले माहीत हाय. लय दिवसांपासून."

वहिनीचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी सांगतलं?"

"नाही, वहिनी. मी दुसरंच सांगायला आलोय." आणि मी हंगामाचं सगळं सांगितलं. पहिला प्रयोग, टिचकी, त्याची वाक्यं मी म्हणायचो ते, मालकाची शाबासकी, गाडीतली खिडकी. एकही गोष्ट गोड करून सांगितली नाही.

वहिनी ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी मी त्यायले बोलली होती. दिवसभर भिंतीकडं पाहून बसता, बाहेर तरी जा म्हणलं. ते गेले. मले वाटते, माझ्याच बोलण्यानं गेले." त्यांनी दिव्यानीकडे बघितलं. "तुले सांगतलं असतं तर तू विचारलं असतं, आई काय म्हणली होती त्या दिवशी. म्हणून नाई सांगतलं."

"आई," दिव्यानी म्हणाली आणि तिला धरून बसली.

"वहिनी, तुमच्या बोलण्यानं काय झालं, काय नाही, ते मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. "पण दिवाळीपासून त्याचं हे चाललं होतं आणि मला दिसत होतं. हे खरं आहे."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "चार महिने? चार महिने तुमाले दिसत होतं आन् मले एका शब्दानं सांगतलं नाई?"

"नाही सांगितलं."

"मी नऊ वर्षं सवताले खात बसली, भाऊजी. तुमी डबा ठिऊन जात होते."

माफी मागायचं तोंड नव्हतं.

"जा आता तुमी," त्या म्हणाल्या.

मी उठलो. दिव्यानी कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. तिला नागपूरला जायचं होतं, म्हणून शेजारची मावशी आईजवळ राहायला येणार होती. ते तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. आज ती तिकडेच एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिच्या हाताखाली नव्या मुली येतात, त्यांना ती स्टूल ओढून बसायला शिकवते असं ऐकतो.

बुधवारी सकाळी मी बांधावर होतो. फोन वाजला. वहिनींचा नंबर नऊ वर्षांत माझ्या फोनवर कधी आला नव्हता. मी चिखलाचा हात धोतराला पुसून फोन कानाला लावला. मला वाटलं, राहिलेलं बोलायचं असेल, बोलू द्यावं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा, वहिनी."

"त्या हंगामात ते स्टेजवर हासत होते का?"

मी उत्तर देण्याआधी नीट आठवून बघितलं. एकेक गाव, एकेक मंडप.

"लोक हसत होते, वहिनी. तो नाही."

त्या म्हणाल्या, "घरीबी नाई. मले वाटे, तिकडं तरी हासत असन."

"आणि मला वाटायचं," मी म्हणालो, "घरी तरी हसत असेल."